पाणथळाच्या काठावर नांगर कुठे थांबवायचा?

शेतीखालचं क्षेत्र वाढवताना दलदली, उथळ तळी आणि पुराची मैदानं यांचं काय करायचं, यावर वाचकांचे बरेच प्रश्न आले. त्यांपैकी पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं लांबलेली वाटली तरी त्यातली मापं गाळू नका, कारण भूवापराचे आराखडे बहुधा मापांतच चुकतात.

प्रश्न : खाणारी तोंडं वाढत असताना सपाट आणि ओलीची जमीन केवळ पक्ष्यांसाठी राखून ठेवणं परवडेल का?

पाणथळ जमीन पक्ष्यांसाठी राखली जाते, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागेल. एक हेक्टर पाणथळात पुराच्या वेळी ५० सेंमी पाणी थांबलं, तर ते ५,००० घनमीटर, म्हणजे ५० लाख लिटर होतं. तिथे चर खोदून निचरा केला की हेच पाणी त्याच दिवशी खालच्या शेतांत उतरतं. दुसऱ्या बाजूने, पाऊस संपल्यावर त्या साठ्यातून आजूबाजूच्या भूजलाला जी हळूहळू भर पडते, ती थांबते. त्यामुळे नव्या शेतातून किती पोती येतील एवढंच मोजून भागत नाही. खालच्या जुन्या शेतांतली किती पोती जातील, तेही त्याच कागदावर यायला हवं.

जगाचा हिशेब पाहिला तर १७०० पासून आजवर सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर पाणथळ जमीन गेली, म्हणजे मूळच्या साधारण २१ टक्के. हा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा आहे आणि त्यात सर्वांत मोठं कारण शेतीसाठी केलेला निचरा हेच निघालं. १९७० ते २०१५ या काळात ३५ टक्के पाणथळं घटली, असाही आकडा सर्रास छापला जातो. तो नोंदी ठेवल्या गेलेल्या ठिकाणांच्या कलावरून काढलेला निर्देशांक आहे. दोन्ही आकडे एका वाक्यात जोडू नका. त्यांची मोजायची रीतच वेगळी आहे.

नियोजनात क्रम महत्त्वाचा असतो. आधी आहे त्या शेतात मिळू शकणारं आणि प्रत्यक्षात मिळणारं उत्पन्न यांतली तफावत भरून काढायची. मग पूर्वी वहितीत असलेली आणि आता पडून राहिलेली जमीन पाहायची. तरीही जमीन कमी पडत असेल, तरच नव्या जमिनीला हात लावायचा. हा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा होतो. त्याचं कारण साधं आहे. पाणथळ जमिनीला कागदोपत्री ‘पडीक’ म्हटलेलं असतं आणि पडीक जमीन फुकटची वाटते. नोंदीतला हा एक शब्द बदलणं हेच कित्येक आराखड्यांचं पहिलं काम असतं.

प्रश्न : सरकारी नकाशात आमच्या भागात एकही पाणथळ जागा दाखवलेली नाही. मग जमीन शेतीला मोकळी आहे असं धरायचं का?

नाही. नकाशात नसणं आणि जमिनीवर नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारताच्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात २.२५ हेक्टरांपेक्षा मोठ्या जागांच्या सीमा आखल्या आहेत. हा विचित्र वाटणारा आकडा नकाशाच्या प्रमाणाशी जुळतो. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर ३ मिमी बाय ३ मिमीचा ठिपका म्हणजे जमिनीवर १५० मी. बाय १५० मी., म्हणजेच २.२५ हेक्टर. त्याहून लहान आकाराची सीमा त्या कागदावर नीट आखताच येत नाही. बेडकांच्या आणि चतुरांच्या दृष्टीने बहुमोल असलेली कित्येक डबकी अर्ध्या हेक्टराचीही नसतात.

उपग्रहचित्रांचंही तसंच आहे. लँडसॅट मालिकेची ३० मीटर बारकाव्याची चित्रं १९८० च्या दशकापासून मिळतात, सेंटिनेल-२ ची १० मीटरची २०१५ पासून. उघडं पाणी त्यात छान दिसतं. मात्र लव्हाळा आणि पाणकणीस यांनी झाकलेली दलदल हिरवी दिसते आणि वर्गीकरणात शेत म्हणून मोडते. शिवाय ज्या महिन्यांत पाणी सर्वांत जास्त असतं, त्याच महिन्यांत आकाश ढगाळ असतं. ढगांतून पाहणारी रडारची चित्रं (सेंटिनेल-१, २०१४ पासून) सोबत ठेवली, तर ही उणीव बरीच भरून निघते, पण दाट झाडोऱ्याखालचं पाणी तीही पुष्कळदा चुकवतात.

म्हणून आराखड्यासाठी एका वर्षाचं चित्र घेऊ नका. किमान २० वर्षांची चित्रं घ्या आणि प्रत्येक ठिकाणी किती वर्षांत, किती महिने पाणी होतं ते मोजा. दरवर्षी न भरणारी जागाही पाणथळ असू शकते. दुष्काळाच्या वर्षी काढलेल्या नकाशावरून शेतीला परवानगी दिली, तर पहिल्या चांगल्या पावसात ते शेत बुडणार.

प्रश्न : वर्षातले सात-आठ महिने कोरडी असणारी दलदल जमिनीवर कशी ओळखायची? सीमा नेमकी कुठे धरायची?

पाणी, माती आणि झाडोरा हे तीन साक्षीदार आहेत. पाणी निघून जातं, झाडोरा चरला किंवा जाळला जातो. माती मात्र साक्ष फिरवत नाही, म्हणून सुरुवात तिथून करा.

५० सेंमी खोल खड्डा घ्या, एक बाजू फावड्याने उभी तासा आणि ओल्या मातीचा रंग उन्हात पाहा. पाण्याखाली राहिलेल्या मातीत प्राणवायू संपतो. मग मातीतल्या लोहाचं रूप बदलून ते विरघळतं आणि जागेवरून सरकतं, त्यामुळे माती राखाडी किंवा निळसर पडते. मुळांच्या आणि भेगांच्या कडेने जिथे हवा शिरते, तिथे तेच लोह गंजाच्या रेघा आणि ठिपके होऊन बसतं. राखाडी मातीत असे गंजाचे ठिपके वरच्या ३० सेंमीत दिसले, तर तिथे बहुतेक वर्षी पाणी दीर्घकाळ राहतं असं समजा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर शंकेला जागाच उरत नाही.

फसगत कुठे होते? नांगरलेल्या जमिनीत वरचा १५ ते २० सेंमीचा थर उलथापालथ झालेला असतो, तेव्हा खूण त्याखाली शोधा. भराव टाकला असेल तर भरावाच्या तळापर्यंत खोदा. काळ्या जमिनीत राखाडी छटा झाकली जाते आणि वाळूत लोहच कमी असल्याने ठिपके फिके दिसतात. अशा ठिकाणी मातीवर एकटीवर विसंबू नका, पाण्याची पातळी मोजाच.

त्यासाठी ५ सेंमी व्यासाचा, भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप सुमारे १ मी. खोल बसवा. भोवती जाडी वाळू भरा आणि वरचे १५-२० सेंमी चिकणमातीने घट्ट बंद करा. हे बंद करणं लोक विसरतात आणि मग पावसाचं पाणी पाइपाच्या कडेने थेट खाली उतरून खोटी पातळी दाखवतं. खाली चिकणमातीचा कठीण थर लागला तर तो फोडू नका. त्यावर अडून राहिलेलं पाणीच तर आपल्याला मोजायचं असतं. नोंद आठवड्यातून एकदा तरी व्हावी. अमेरिकेत यासाठी एक कसोटी वापरतात. वाढीच्या हंगामात सलग १४ दिवस पाणी पृष्ठभागापासून ३० सेंमीच्या आत असावं आणि असं दहांपैकी किमान पाच वर्षी घडावं. हवामान वेगळं असलं तरी सुरुवातीला ही कसोटी धरायला हरकत नाही. फक्त मोजणीचं वर्ष सरासरी पावसाचं होतं की नाही, ते आधी तपासा.

सीमा आखताना उतारावरून खालच्या ओल्या भागाकडे जाणाऱ्या ओळी दर ५० मीटरवर घ्या आणि प्रत्येक ओळीवर ५ ते १० मीटरवर खड्डे पाहा. खूण असलेला शेवटचा खड्डा आणि नसलेला पहिला खड्डा यांच्या मध्यावर खुंटी ठोका. खुंट्या जोडल्या की सीमा मिळाली. झाडोऱ्याचा पुरावा घेताना बहुवर्षायू वनस्पतींना वजन द्या. एका पावसाळ्यात उगवून जाणाऱ्या तणावरून निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : आम्ही दलदलीला हात लावणार नाही, फक्त वरच्या बाजूची जमीन लागवडीखाली आणणार आहोत आणि एक चर काढणार आहोत. याला आक्षेप का असावा?

कारण दलदल म्हणजे तिच्याकडे येणारं पाणी. सीमेवर कुंपण घातलं तरी पाणी वरून वळवलं की आतलं सगळं हळूहळू जातं.

आकडेमोड करून पाहू. १० हेक्टरांचं पाणथळ आहे आणि त्याला १०० हेक्टर पाणलोटातून पाणी मिळतं. हंगामाच्या शेवटच्या मोठ्या पावसात पाणलोटातून २० मिमी पाणी वाहून आलं, तर ते २०,००० घनमीटर झालं. पाणथळात त्याची पातळी २० सेंमी चढते. आता वरचे ४० हेक्टर लागवडीखाली आणून त्यांचं पाणी चराने दुसरीकडे वळवलं. उरलेल्या ६० हेक्टरांतून १२,००० घनमीटर येईल, म्हणजे १२ सेंमी. पातळी ८ सेंमी कमी राहिली. दिवसाला ५ मिमी बाष्पीभवन धरलं तर ते पाणथळ १६ दिवस आधी आटतं. बेडकांच्या अनेक जातींच्या डिंभांना पाण्याबाहेर पडण्याइतकं वाढायला सहा ते दहा आठवडे लागतात. १६ दिवस कमी पडले तर त्या वर्षीची पिढी चिखलात मरते. असं लागोपाठ घडलं की जात तिथून नाहीशी होते आणि दलदलीचं क्षेत्रफळ मात्र कागदावर तेवढंच्या तेवढं दिसत राहतं.

चर न काढता पाणी पाणथळातच सोडलं तर प्रश्न उलट्या बाजूने येतो. नांगरलेल्या उतारावरून हेक्टरी वर्षाला १० टन माती निघाली आणि सगळे १०० हेक्टर नांगरलेले असले, तर १,००० टन निघते. त्यातली निम्मी खाली पोचली, तर ५०० टन, म्हणजे साधारण ४०० घनमीटर गाळ. १० हेक्टरांवर तो पसरला की थर वर्षाला ४ मिमी चढतो. ५० वर्षांत २० सेंमी. उथळ पाणथळाची खोलीच तेवढी असते.

आता चर. चर फक्त त्याच्या काठावरची ओल ओढतो, हा समज चुकीचा आहे. तो किती दूरवर भूजल उतरवतो हे मातीतून पाणी किती वेगाने झिरपतं, चर किती खोल आहे आणि खालचा घट्ट थर किती खोलीवर आहे यावर ठरतं. चिकणमातीत हा पल्ला थोड्या मीटरांचा असतो, वाळूत शंभर मीटरच्या पलीकडेही जातो. अंदाजाने ठरवण्यापेक्षा चराच्या नियोजित रेषेपासून ५, १५, ३०, ६० आणि १०० मीटरवर वर सांगितलेले पाइप बसवा. चर आधी छोट्या लांबीत, पाणथळापासून सर्वांत दूरच्या टोकाला खोदा आणि एक पूर्ण हंगाम पातळी पाहा. जिथे पातळी आधीच्या वर्षांसारखीच राहते, तेवढं अंतर प्रत्येक चर आणि पाणथळाची सीमा यांच्यामध्ये कायमचं सोडा.

प्रश्न : शेत आणि पाणथळ यांच्यात किती रुंद पट्टा सोडावा? कुणी १० मीटर सांगतं, कुणी ३०० मीटर.

दोघंही बरोबर असू शकतात, कारण पट्टा कशासाठी हवा ते दोघांनी सांगितलेलं नाही. जाडा गाळ अडवायला दाट गवताचा १० ते १५ मी. पट्टा सौम्य उतारावर पुरतो. बारीक माती आणि पाण्यात विरघळलेलं नत्र अडवायला ३० मी. किंवा अधिक लागतात. अनेक उभयचर पाण्यात वीण घालून उरलेलं आयुष्य काठावरच्या कोरड्या जमिनीत काढतात, तर कासवांसारखे पाण्यात राहणारे सरपटणारे प्राणी अंडी घालायला त्या जमिनीवर येतात. त्यांच्यासाठी साधारण १३० ते २९० मी. असा पल्ला अभ्यासांतून निघालेला आहे. एवढा सगळा पट्टा पडीक ठेवायची गरज नसते. आतले ३० मी. न नांगरता ठेवा आणि बाहेरच्या भागात झाडं, कुरण किंवा कमी मशागतीची बहुवर्षायू पिकं घ्या.

रुंदी कमी पडल्याने जेवढे पट्टे वाया जातात, त्याहून जास्त पट्टे पाणी एका जागी गोळा होऊन ओघळीने निघून जातं म्हणून वाया जातात. तीस मीटरच्या पट्ट्यातून अर्ध्या मीटरची एक ओघळ गेली, तर पट्टा असून नसल्यासारखा. पट्ट्याच्या वरच्या कडेला समोच्च रेषेवर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेवर) उथळ, सपाट तळाची नाली काढा आणि तिचा खालचा काठ अगदी एका पातळीत राखा, म्हणजे पाणी साऱ्या लांबीवरून पातळ थराने ओसंडेल. मोठा पाऊस पडला की चालत जाऊन पाहा, ओघळ दिसली की त्याच आठवड्यात बुजवा. गवत वर्षातून एकदा-दोनदा कापून बाहेर न्या. तिथेच कुजू दिलं तर पट्ट्यातला स्फुरद साचत जातो आणि काही वर्षांनी पट्टाच पाण्यात स्फुरद सोडू लागतो.

प्रश्न : निचरा करून काढलेल्या जमिनीत पहिली दोन वर्षं चांगलं पीक आलं, नंतर जमीन आंबट झाली. दुसरीकडे जमीन खचल्याचंही ऐकतो. हे का होतं?

हे दोन वेगळे आजार आहेत. दोन्ही निचरा करण्याआधी ओळखता येतात आणि नंतर जवळजवळ बरे होत नाहीत.

पहिला आजार किनारी आणि जुन्या खाडीच्या मातीत आढळतो. पाण्याखाली असेपर्यंत तिथे लोह आणि गंधक यांचं संयुग, पायराइट, निमूट पडून असतं. निचरा झाला, हवा आत शिरली, की त्याचं गंधकाम्ल होतं. सामू ४ च्या खाली जातो, ॲल्युमिनियम विरघळून मुळं जाळतं आणि चरात तांबूस पाणी वाहू लागतं. मातीच्या भेगांत फिकट पिवळे, पेंढ्याच्या रंगाचे डाग दिसले तर हा आजार सुरू झालेला आहे. आधी कळायचं असेल, तर खोलवरच्या मातीचा सेंटिमीटरभर जाड काप घ्या, तो ओलसर ठेवून हवेत आठ आठवडे राहू द्या आणि सामू सुरुवातीला आणि नंतर दर आठवड्याला मोजा. सामू घसरून ४ किंवा त्याखाली गेला, तर ती जमीन निचऱ्याला घेऊ नका. नमुना किमान चराच्या तळाखाली अर्धा मीटरपर्यंतचा असावा. वरच्या वितीतली माती गोडच निघते.

‘चुना टाकू’ असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा. १ किलो गंधकापासून तयार होणारं आम्ल मारायला सुमारे ३.१ किलो शुद्ध चुनखडी लागते. हेक्टरभर जमिनीच्या १० सेंमी थराची माती साधारण १,००० टन भरते. त्यात १ टक्का असं गंधक असेल तर १० टन गंधक आणि ३१ टन चुनखडी. हे फक्त १० सेंमीसाठी. चर मीटरभर खोल असतो.

दुसरा आजार पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराचा. असा थर पाण्याखाली हजारो वर्षं टिकतो. निचरा केला की आधी वाळून दबतो आणि नंतर हवेत जळावा तसा कुजून नाहीसा होतो. समशीतोष्ण भागात जमीन वर्षाला १ ते २ सेंमी खचते, उष्ण कटिबंधात ३ ते ५ सेंमी. इंग्लंडमधल्या होम फेन इथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एक लोखंडी खांब जमिनीच्या पातळीपर्यंत गाडला होता. आज तो सुमारे ४ मीटर बाहेर आहे. जमीन खाली गेली की चर पुन्हा खोल करावे लागतात, त्याने ती आणखी खचते, शेवटी पाणी पंपाने उपसावं लागतं आणि शेत आजूबाजूच्या नदीपेक्षा खाली येतं.

इंडोनेशियाच्या मध्य कालिमंतानमध्ये १९९० च्या दशकात सुमारे १० लाख हेक्टर दलदलीत भातशेती करायची योजना आखली गेली आणि ४,००० किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खोदले गेले. पीट वाळलं, १९९७ च्या दुष्काळात पेटलं, भात पिकला नाही आणि १९९९ मध्ये योजना बंद झाली. पीट किती जाड आहे आणि त्याखाली काय आहे हे प्रत्येक तुकड्यावर आधी गिरमिटाने पाहिलं असतं, तर त्यातला मोठा भाग पहिल्याच दिवशी वगळावा लागला असता.

पीटवर आधीच शेती असेल तर निदान पाणी शक्य तितकं वर ठेवा. पातळी दर १० सेंमी वर आणली की हेक्टरी वर्षाला सुमारे ३ टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन वाचतं, असा अभ्यासांचा अंदाज आहे. पाणी पृष्ठभागाखाली साधारण ३० सेंमीपर्यंत येईतो हे गणित लागू पडतं. त्याहून वर आणून जमीन कायम पाण्याखाली ठेवली तर मिथेन वाढू लागतो.

प्रश्न : एक पाणथळ घेऊन दुसरीकडे तेवढंच नवीन तयार करून दिलं तर?

शेवटचा उपाय म्हणून, तोही सावधपणे. जगभरच्या ६२१ ठिकाणांचा २०१२ मध्ये आढावा घेतला गेला. पुन्हा तयार केलेल्या पाणथळांत शंभर वर्षांनंतरही वनस्पती-प्राण्यांची रचना मूळ पाणथळांपेक्षा सरासरी २६ टक्के आणि मातीतला कार्बनसारखा साठा २३ टक्के कमी असल्याचं त्यातून दिसलं. त्यामुळे एकास एक हा व्यवहार तोट्याचाच ठरतो.

करायचंच असेल तर नवं पाणथळ त्याच पाणलोटात असावं, त्याला त्याच प्रकारचं पाणी मिळावं (झऱ्यावरच्या दलदलीच्या बदल्यात पावसाचं खोदतळं चालत नाही) आणि ते आधी उभं राहून किमान पाच हंगाम टिकलेलं असावं. त्यानंतरच जुन्याला हात लावायचा. पीट, जिवंत झरे आणि खारफुटीच्या खाड्या या अदलाबदलीच्या यादीत घेऊच नयेत.

प्रश्न : पाणथळाच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांना बाहेर काढायचं का?

नाही. पाणथळांविषयीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर करारातही पाणथळांचा ‘सुज्ञ वापर’ हाच शब्द आहे. पाणी ओसरेल तसं त्याच्या मागोमाग पेरत जाणं ही शेती पाणथळाला धरूनच वाढलेली आहे. जोवर पाणी आपल्या वेळेने ओसरतं, बांध घालून ते लवकर हटवलं जात नाही, काठावर तणनाशक फवारलं जात नाही आणि खोलगट मध्यभाग सोडून दिला जातो, तोवर ती चालू शकते. ती बिघडते ती पाणी लवकर काढून दुसरं पीक घ्यायच्या घाईने. पाणकणीस, नळ, लव्हाळा अशी ओल्यातच वाढणारी आणि चटया, छपरं, चारा, इंधन यांना लागणारी पिकंही आहेत. मात्र त्यांना घेणारा आधी शोधून ठेवा, नाहीतर कापणीनंतर ढीग सडतो.

प्रश्न : आराखडा होतो, पण पाळला जात नाही. नियम कसा लिहावा म्हणजे टिकेल?

सीमा भूखंड क्रमांकाने लिहू नका, पाण्याच्या पातळीने लिहा आणि जमिनीवर तिच्या खुणा गाडा. आंध्र प्रदेशातल्या कोल्लेरू सरोवराला १९९९ मध्ये समुद्रसपाटीपासून +५ फुटांच्या समोच्च रेषेपर्यंत अभयारण्य ठरवलं गेलं. मापाच्या दृष्टीने रेषा स्वच्छ होती. पण तिच्या आत खासगी मालकीची शेतंही आली, मत्स्यतळी वाढली, २००६ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर फोडावी लागली आणि रेषा +३ फुटांवर आणायची मागणी वर्षानुवर्षं होत राहिली. रेषा ठरवतानाच आतल्या मालकांचं काय, त्यांना मोबदला, अदलाबदल की अटींवर वापर, हे लिहिलेलं नसेल तर वाद रेषेवर येतो.

दुसरी गोष्ट पैशांची. अमेरिकेच्या १९८५ च्या शेती कायद्याने पाणथळ नांगरायला सरसकट बंदी घातली नाही. २३ डिसेंबर १९८५ नंतर पाणथळ बदलून पीक घेणाऱ्याला केंद्राच्या शेती योजनांचे लाभ मिळणार नाहीत, एवढंच म्हटलं. पहारेकरी ठेवण्यापेक्षा हे सोपं पडतं. एका खात्याने पाणथळ राखायचं आणि दुसऱ्याने त्याच जागी पंपाला, चराला अनुदान द्यायचं, हे चालू असेल तर नियम कितीही चांगला लिहा, तो हरतो. म्हणून आराखडा मंजूर होण्याआधी त्या क्षेत्रात लागू असलेल्या प्रत्येक अनुदानाची यादी काढा.

तिसरं, दारांची किल्ली. बांधाचं दार कोणत्या तारखेला, किती पातळीला उघडायचं आणि ते कोण उघडणार, हे पट्टीवरच्या सेंटिमीटरांत लिहा. ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द आला की ज्याचा आवाज मोठा त्याचं पाणी.

प्रश्न : निचरा करूनही न पिकणारी जमीन पाणथळाला परत द्यायची आहे. कशी?

पंप बंद करून सोडून देऊ नका. आधी खालच्या शेजाऱ्यांच्या शेतांची उंची मोजा, नाहीतर तुमचं पुण्य त्यांच्या पिकात उभं राहील. मग चर बुजवा, पण तोंडाशी एकच बांध घालून नव्हे. पाणी त्याला वळसा घालून नवा चर पाडतं. चराच्या लांबीत, तळाच्या दर १० ते २० सेंमी उतारावर एक, असे टप्प्याटप्प्याने बांध घाला. माती त्याच जागची, ओली आणि चिकण वापरा, चुकूनही वाळू नको. बांध चराच्या दोन्ही काठांत किमान मीटरभर आत घुसवा आणि माथा काठापेक्षा ३०-४० सेंमी उंच ठेवा, कारण तो बसतो. भूमिगत निचरा नळ्या असतील तर ठरावीक अंतरावर खणून त्यांचे तुकडे काढून टाका. एक नळी राहिली तरी सगळी मेहनत ती वाहून नेते.

पहिला पूर मुद्दाम उथळ ठेवा. वर्षानुवर्षं खत खाल्लेल्या मातीतून पाणी भरताच स्फुरद सुटतो आणि शेवाळाचा साय धरतो. शक्य असेल तर भरण्याआधी एक-दोन हंगाम खत न घालता गवत वाढवून ते कापून बाहेर न्या. वाहत्या नदीचं पूरमैदान परत आणायचं असेल तर वेळ आणि पैसा दोन्ही कैक पटींनी वाढतात. फ्लोरिडात किसिमी नदीचं सुमारे १६६ किलोमीटरचं वळणदार पात्र १९६२ ते १९७१ या काळात ९० किलोमीटरच्या सरळ कालव्यात बदललं होतं. त्यातला जेमतेम ३५ किलोमीटर कालवा पुन्हा बुजवायचं काम १९९९ ला सुरू होऊन २०२१ ला संपलं.

बियाणं बहुधा आणावं लागत नाही. पाणथळ वनस्पतींचं बी मातीत अनेक वर्षं जिवंत राहतं. निचरा होऊन वीसेक वर्षांच्या आतली जमीन असेल तर पहिल्या दोन हंगामांत काय उगवतं ते पाहा आणि त्यात जी जात आलीच नाही, तिचंच रोप जवळच्या पाणथळातून आणून लावा.